चेंडू चालला, कप चालला नाही

इंग्लंडच्या एका दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा पहिला भारतीय फिरकी गोलंदाज चांभाराच्या घरात जन्मला होता. मैदानावर त्याचा चेंडू सगळ्यांना हवा होता. चहाच्या वेळी मात्र त्याला मातीचं बोळकं घेऊन बाहेर बसावं लागायचं. चवदार तळ्याच्या गावातल्या मुलांनी तर पालवणकर बाळूंची ही गोष्ट वाचायलाच हवी.

भाताची कापणी झाली, झोडणी आटपली की महाड-पोलादपूरच्या खेड्यांत दुसरा हंगाम सुरू होतो. चार दळ्यांचे बांध सपाट करायचे, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपण्यानं जमीन चोपायची आणि चुन्याच्या रेघा मारायच्या. झालं पीच तयार! मग शनिवारी रात्री मुंबईहून चाकरमानी येतात आणि रविवारी सकाळी माईकवर कॉमेंट्री सुरू होते. वाडीविरुद्ध वाडी, गावाविरुद्ध गाव. बक्षीस म्हणून एक चषक आणि पाकिटात थोडे पैसे.

अशा प्रत्येक मैदानावर एक पोरगा हमखास असतो. सकाळी सगळ्यांच्या आधी येतो, पाणी मारतो, रेघा मारतो, बांधापलीकडे गेलेला चेंडू काट्यांत शिरून शोधून आणतो. बॅटिंगचा नंबर त्याच्यापर्यंत कधी येत नाही. कुणी दमलं तर त्याच्या हातात चेंडू देतात, तेवढंच. आणि कधीकधी तो त्या चार चेंडूंत असं काही करून दाखवतो की सगळे गप्प होतात.

सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात असाच एक पोरगा होता. त्याचं नाव बाळू बाबाजी पालवणकर.

तीन रुपये पगार

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. म्हणजे मुळं आपल्याच बाजूची. बाळूचा जन्म मात्र १८७५-७६च्या सुमाराचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या चाकरीत, त्यामुळे कुटुंब पुढे पुण्यात आलं. त्या काळी कोकणातल्या अस्पृश्य समजल्या गेलेल्या घरांना गावाबाहेर पडायचा जो काही रस्ता होता, तो बऱ्याचदा पलटणीतून जायचा. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतच होते. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजीही पलटणीतलेच. छावणीत शिस्त मिळायची, थोडं शिक्षण मिळायचं. पालवणकरांच्या घराला आणखी एक गोष्ट मिळाली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि चेंडू.

बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम त्यावरच खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही त्याच वाटेनं गेले. एका घरातले चार भाऊ, चौघेही वरच्या दर्जाचे क्रिकेटपटू. असं घर क्वचितच सापडेल.

बाळूची पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास तो इंग्रजांच्या पूना क्लबात गेला, तिथे चार रुपये मिळू लागले. काम तेच, फक्त वाढलेलं. नेट लावायची, पीच आखायचं, गरज पडली तर टेनिसचं कोर्टही आखून द्यायचं. आणि साहेब लोक सरावाला आले की गोलंदाजी करायची.

त्या साहेबांत कॅप्टन जे. जी. ग्रेग होता. अंगानं छोटा, पण फटक्यांत जबरदस्त. त्याच्या नावाशी खेळ करून लोक त्याला 'जंगली' ग्रेग म्हणायचे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत त्याच्या तोडीचे फार थोडे होते. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूला तासन् तास गोलंदाजी करायला लावायचा. प्रत्येक वेळी बाद केलंस की आठ आणे, असा त्याचा रिवाज होता म्हणे. चार रुपये पगाराच्या काळात आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई! हिशेब खरा असो वा नसो, त्या नेटमधून बाळूची गोलंदाजी घडली हे नक्की.

बाळू डावखुरा मंदगती गोलंदाज. डावऱ्या हाताचा फिरकी चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळतो. फलंदाज त्याच्या मागे बॅट नेतो आणि झेल उडतो. आता एखादा चेंडू तशाच हातानं आला पण वळलाच नाही, सरळ आत घुसला, तर यष्ट्या जातात. दोन्ही चेंडूंमधला फरक हात पाहून कळू द्यायचा नाही, ही खरी कारागिरी. बाळूकडे ती होती. चेंडू दोन्हीकडे वळवायचा, वेग बदलायचा आणि टप्पा मात्र हलू द्यायचा नाही. शिवाय ज्या खेळपट्टीवर तो चेंडू टाकायचा, ती बहुतेक वेळा त्यानंच झाडलेली आणि दाबलेली असायची. ती कुठे भुसभुशीत आहे, कुठे ओली आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

एक गोष्ट मात्र तिथे त्याला कधी मिळाली नाही. पूना क्लबाच्या नेटमध्ये त्यानं हजारो चेंडू टाकले असतील, पण त्याच्या हातात कुणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणं हे चाकराचं काम आणि बॅट ही साहेबाची.

पॅव्हेलियनच्या बाहेर

पुण्यात हिंदूंचाही क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायची भारी हौस. गोऱ्यांच्याच क्लबात एक पोरगा त्यांच्या सगळ्यात चांगल्या फलंदाजाची त्रेधा उडवतो, ही बातमी काही लपून राहण्यासारखी नव्हती. प्रश्न एवढाच होता की हा पोरगा चांभार. त्याला संघात घ्यायचं कसं? क्लबातल्या तेलुगू सभासदांचं म्हणणं घ्यावा असं होतं, ब्राह्मण सभासद अडून बसले. शेवटी जिंकायची इच्छा मोठी ठरली. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणं हा हिंदू क्लबाचा मूर्खपणा ठरेल, असं खुद्द ग्रेगनंही जाहीरपणे सांगून टाकलं होतं. बाळू संघात आला.

आता पुढचं नीट वाचा. मैदानावर बाळूनं टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलायचा, तोच चेंडू स्लिपमधून कव्हरला, कव्हरमधून पुन्हा बाळूकडे यायचा. सगळ्या जातींचे हात त्या एका चेंडूला लागायचे आणि कुणाला विटाळ व्हायचा नाही. मग चहाची वेळ व्हायची. बाकीचे दहा जण पॅव्हेलियनमध्ये जाऊन चिनी मातीच्या कपात चहा प्यायचे. अकरावा बाहेर थांबायचा. त्याचा चहा बाहेर यायचा, मातीच्या बोळक्यात, पिऊन झालं की फोडून टाकायच्या बोळक्यात. हात-तोंड धुवायचं असेल तर अस्पृश्य जातीचाच एक गडी मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन यायचा आणि वरून ओतायचा. जेवायला ताट वेगळं, टेबलही वेगळं.

मुकाट्यानं चहा पिऊन तो परत मैदानात यायचा आणि त्याच दहा जणांसाठी बळी घ्यायचा.

साताऱ्याची खेळपट्टी

बाळूच्या जोरावर पुण्याचा हिंदू संघ जिंकू लागला. पूना क्लबातल्या युरोपियनांना त्यानं हरवलं. मग गाजला तो साताऱ्याचा सामना. सातारा जिमखाना फक्त गोऱ्यांचा. त्यांनी बाळूची कीर्ती ऐकली होती आणि त्यावर उपायही शोधला होता. आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती अशी कडक करून टाकायची की फिरकी चालताच कामा नये. ज्यानं आयुष्याची सुरुवातच रोलर फिरवून केली, त्याच्याविरुद्ध रोलर! बाळूनं त्या खेळपट्टीवर सात बळी घेतले आणि संघानं सामना जिंकला.

या विजयानंतर बाळूची मिरवणूक निघाली, सत्कार झाले. पुण्यातल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी सर्वांसमक्ष त्याच्या गळ्यात हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला का नको, हा साधा प्रश्न त्यांनी संघातल्या मंडळींसमोर ठेवला. शंभर टक्के तर्कशुद्ध. पण असल्या प्रश्नांना तर्कानं उत्तर मिळालं असतं, तर पुढे महाडला सत्याग्रह करायची वेळच आली नसती.

मुंबई, १९०६

१८९६-९७ साली पुण्यात प्लेग आला आणि माणसं गाव सोडून जाऊ लागली. पालवणकर कुटुंबही मुंबईला आलं. बाळूंनी काही काळ लष्करात आणि पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी धरली. मुंबईचा परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना त्या वेळी नवा होता. तिथेही काही सभासदांची कुरकुर झाली. कर्णधार कीर्तिकरांनी ती मोडून काढली आणि बाळू हिंदू जिमखान्याचे खेळाडू झाले.

त्या काळचं मुंबईचं क्रिकेट आज विचित्र वाटेल. संघ धर्मावरून ठरायचे. आधी युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाली. एस्प्लनेडच्या मैदानाभोवती हजारोंची गर्दी लोटायची.

या सगळ्याची सुरुवात झाली ती फेब्रुवारी १९०६च्या सामन्यानं. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन. बाळूंसोबत आता शिवरामही संघात होता. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केल्या, गोऱ्यांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटपले. म्हणजे गोऱ्यांना जिंकायला २१२ हव्या होत्या. बाळूंनी पाच बळी घेतले आणि अख्खा संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. पहिल्या डावातले तीन धरून बाळूंचे एकूण आठ बळी.

साल लक्षात घ्या. १९०५मध्ये बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची चळवळ पेटलेली, जपाननं रशियाला नुकतंच हरवलेलं. अशात मुंबईच्या मैदानावर गोऱ्यांचा पराभव! देशभर जल्लोष झाला. काही सुधारक पत्रांनी मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवलं. हा विजय मिळाला तो जिमखान्यानं जातीची अट सैल केली म्हणून, हे त्यांनी लिहिलं. मुंबईत आता बाळू-शिवराम इतरांबरोबर जेवायला बसत होते. पुण्यात बोळकं, मुंबईत पंगत. दोन्हींच्या मध्ये दहा-बारा वर्षं आणि शेकडो बळी होते.

विलायतेतला उन्हाळा

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. महाराजांचं लक्ष खेळापेक्षा इतर कार्यक्रमांतच जास्त होतं. ते थोडेच सामने खेळले. संघाला इंग्लंडमधल्या परिस्थितीची सवय नव्हती. सामन्यामागून सामने हरत गेले. २३ सामन्यांत १५ पराभव, फक्त सहा विजय.

पण या पडझडीत एक माणूस रोज चेंडू टाकत राहिला. बाळू तेव्हा पस्तिशीत होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. लीस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी घेतले आणि दौऱ्यातला पहिला विजय मिळवून दिला. पुढे सॉमरसेटविरुद्ध शिवरामनं नाबाद शतक ठोकलं आणि संघ एका गड्यानं जिंकला. म्हणजे संघाची लाज राखली ती पालवणकरांच्या घरानं. दौरा संपला तेव्हा बाळूंच्या नावावर सगळे सामने मिळून ११४ बळी होते, सरासरी १८.८६. इंग्लंडमधले जाणकार त्यांची तुलना थोर डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी करू लागले.

आज आयपीएलमध्ये दोन सामने गाजवले तरी पोरगा करोडपती होतो. बाळू परत आले ते रेल्वेतल्या आपल्या नोकरीवर.

मुंबईत त्यांचा जंगी सत्कार झाला, तोही दलित समाजाच्या वतीनं. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक तरुण बी. ए. करत होता. बाळू त्याच्यासाठी हिरो होते. मुंबईच्या चाळींतल्या असंख्य दलित मुलांसाठीही होते. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद करून आला, ही केवढी मोठी गोष्ट होती, याची आज कल्पना करणं अवघड आहे.

कर्णधार कोण?

आता गोष्ट अवघड वळणावर येते. दशकभर हिंदू संघाचा सगळ्यात मोठा गोलंदाज बाळू. अनुभव सगळ्यात जास्त. खेळाची जाण सगळ्यात जास्त. मग कर्णधार कोण असायला हवा?

१९१०पासून जवळजवळ दर वर्षी हा प्रश्न निघायचा. वर्तमानपत्रांत पत्रं यायची, मैदानावर चर्चा व्हायची. दर वर्षी उत्तर तेच. कर्णधार उच्चवर्णीय. एम. डी. पै यांनी बरीच वर्षं हे पद सांभाळलं आणि हा मान खरं तर बाळूंचा आहे, असं त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं होतं. तरी पद काही मिळालं नाही. चेंडू टाकणाऱ्याचे हुकूम मात्र दहा जणांनी पाळायचे, हे मंडळींना पचत नव्हतं.

१९२०मध्ये कहर झाला. पै आजारी पडले. निवड समितीनं बाळूंना संघातूनच वगळलं आणि कर्णधारपद पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना दिलं. देवधर उत्तम फलंदाज होते, त्यांच्या गुणवत्तेबद्दल वाद नव्हता. पण विठ्ठल आणि शिवराम दोघेही त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ खेळाडू होते. आता भावांनी तोंड उघडलं. दोघांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जाहीर पत्रक काढलं. आम्ही अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीतले आहोत म्हणून आमच्यावर अन्याय होतो, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडलं.

पंचवीस वर्षं बाळूंनी हातातल्या चेंडूनं उत्तरं दिली होती. भावांनी पहिल्यांदा नकारानं उत्तर दिलं. आणि गंमत बघा, याचा परिणाम झाला. गावात गांधीजींच्या चळवळीची हवा होती, अस्पृश्यतेचा प्रश्न ऐरणीवर आला होता. लोकमत भावांच्या बाजूनं उभं राहिलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आलं. सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढ्या वेळापुरता पालवणकर बाळू हिंदू संघाचा कर्णधार होता. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, तासा-दोन तासांसाठी.

बाळूंचं खेळणं तिथेच संपत आलं. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. पण लढा संपला नव्हता. १९२३मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. पूर्ण वेळचे, कुणाच्या आजारपणावर अवलंबून नसलेले. त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं. त्या खांद्यांची जात त्या दिवशी कुणी विचारली नाही. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मकथन मराठीत लिहिलं, म्हणून या घराची गोष्ट आपल्यापर्यंत आली.

महाडचं पाणी

हे १९२३ साल महाडकरांनी लक्षात ठेवावं असंच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला धरून १९२४मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. पण ते कागदावर. प्रत्यक्षात तळ्यावर गुरं पाणी प्यायची, माणसं मात्र पिऊ शकत नव्हती.

म्हणून दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी पुढाकार घेतला आणि मार्च १९२७मध्ये महाडला परिषद भरली. २० मार्चला डॉ. आंबेडकर हजारोंच्या मोर्चासह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. नंतर जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, खटला कोर्टात गेला. हे सगळं आपण शाळेत वाचलेलं असतं.

महाडच्या या इतिहासात बाळूंचं नाव येत नाही. पण मैदानाबाहेर बोळकं हातात धरून उभा राहिलेला तो पोरगा आणि तळ्याच्या पायऱ्या उतरणारी ती माणसं, दोघांसमोरचा प्रश्न एकच होता. घोटभर पाण्याचा. बाळूंनी तो प्रश्न असामान्य बनून सोडवायचा प्रयत्न केला. त्यांना बऱ्याच अंशी यशही आलं, कारण ते खरोखरच असामान्य होते. पण ज्याला चेंडू वळवता येत नाही, त्यानं काय करायचं? तहान तर त्यालाही लागते. महाडच्या सत्याग्रहानं मागितलं ते हेच, की पाणी प्यायला आधी शंभर बळी घ्यायची अट असू नये.

मतपेटीतला सामना

यानंतर हिरो आणि त्याचा चाहता समोरासमोर आले. खेळ सोडल्यावर बाळू सार्वजनिक कामात पडले. त्यांना गांधीजींचा मार्ग पटत होता. हिंदू समाजात राहूनच बदल घडेल, असं त्यांना वाटे. कदाचित त्यांच्या स्वतःच्या आयुष्यानंच त्यांना तसं शिकवलं असावं. बोळक्यापासून पंगतीपर्यंत आणि पंगतीपासून कर्णधारपदापर्यंतचा प्रवास त्यांनी आपल्या घरात पाहिला होता. आंबेडकरांनी महाडनंतर, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतर वेगळा निष्कर्ष काढला होता. सवर्णांच्या मनाची वाट पाहत बसायला ते तयार नव्हते.

सप्टेंबर १९३२मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण चाललं होतं. तोडगा निघावा म्हणून धडपडणाऱ्या दलित नेत्यांत बाळू होते. २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर आंबेडकरांसोबत पी. बाळू हीसुद्धा सही आहे.

१९३७च्या निवडणुकीत तर दोघे थेट आमनेसामने उभे ठाकले. आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे, बाळू काँग्रेसचे. आंबेडकरांसमोर टिकेल असा दलितांमधला दुसरा मोठा माणूस शोधताना काँग्रेसला क्रिकेटपटूच सापडला, यावरून बाळूंचं वजन कळतं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च १९३७मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल दिला. तळं सर्वांचं ठरलं.

एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करून कोण बरोबर आणि कोण चूक असा निकाल लावायचा मोह होतो. महाडच्या तळ्याकाठी उभं राहून पाहिलं तर काळानं कुणाच्या बाजूनं कौल दिला हे स्पष्टच आहे. पण बाळूंना लहान करायचं कारण नाही. ज्या तरुणानं त्यांच्याकडे पाहून मान ताठ केली, तो पुढे त्यांच्याही पुढे गेला. चांगल्या हिरोचं काम तेच असतं.

नाव कुठे आहे?

जुलै १९५५मध्ये मुंबईत बाळूंचं निधन झालं. अंत्ययात्रेला क्रिकेटपटू आले, दलित चळवळीतले नेते आले. आणि मग हळूहळू लोक विसरले. रणजींच्या नावानं स्पर्धा आहे, दुलीपसिंहजींच्या नावानं आहे, देवधरांच्या नावानंही स्पर्धा खेळवली गेली. पालवणकर बाळूंच्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा आजही नाही. भारत पहिला कसोटी सामना खेळला १९३२मध्ये, बाळू निवृत्त झाल्यावर. त्यामुळे कसोटीच्या आकडेवारीत ते सापडत नाहीत. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली आपल्या पुस्तकातून त्यांना पुन्हा उजेडात आणलं, तेव्हा अनेक क्रिकेटवेड्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

स्पर्धेचं नाव काय ठेवायचं हे मोठ्या मंडळांनी ठरवावं. आपल्या हातात त्याहून साधं काही आहे. यंदा दिवाळीनंतर दळ्यांत पीच तयार होईल, वाडीवाडीचे संघ उतरतील. तेव्हा एकदा आजूबाजूला नीट पाहा. संघ निवडताना कुठल्या वाडीतली पोरं आपोआप आत येतात आणि कुठल्या वाडीतला पोरगा फक्त चेंडू आणायला असतो? पाण्याची बाटली सगळ्या हातांतून फिरते का? आणि कर्णधार निवडताना आपण नक्की काय पाहतो?

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पाणी मारणारा तो पोरगा असेलच. एकदा त्याच्या हातात बॅटही देऊन बघा.

बाळू : एका नजरेत

- पूर्ण नाव : बाळू बाबाजी पालवणकर
- जन्म : १८७५-७६च्या सुमारास, धारवाड
- गोलंदाजी : डावखुरी, मंदगती फिरकी
- पहिला पगार : महिना तीन रुपये
- इंग्लंड दौरा १९११ : ११४ बळी
- प्रथम दर्जाचे सामने : ३३, बळी १७९
- भाऊ : शिवराम, गणपत, विठ्ठल (तिघेही क्रिकेटपटू)
- निधन : जुलै १९५५, मुंबई